दरवाजांवरून चालत आलेल्या साहेबांचा अहवाल

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, पळसखेडी, जि. गोंदिया.

विषय: टेकडीटोला येथे रस्ता नसल्याबाबत व काढून नेलेली नाव परत मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे पत्र. (जावक क्रमांकावरच शिक्का बसल्याने तो वाचता येत नाही.)

महोदय,

पाण्यापलीकडून नमस्कार.

१. अर्जदार रुख्मिणीबाई मनिराम पटले या जलाशयातल्या टेकडीटोला या वस्तीवर राहतात. धरण भरले तेव्हा शेते बुडाली, उंचावरची घरे तेवढी उरली. काठाला लागण्यासाठी आपल्याच कार्यालयाने मोटारीची नाव दिली होती. मागल्या पावसाळ्यात शेजारच्या शकुंतलाबाईंना साप चावला. त्या या नावेमुळे वाचल्या व आजही सर्वांशी पूर्ववत भांडतात.

२. मे महिन्यात विस्तार अधिकारी साहेब नावेची गरज तपासण्यास आले. उन्हाळ्यात पाणी ओसरून मधे गुडघाभर चिखल उरतो. टोल्याची रीत अशी की पाहुण्याचे पाय ओले होऊ द्यायचे नाहीत, मग तो नवरदेव असो की साहेब. त्यातून साहेबांचे बूट नवे. अर्जदाराच्या यजमानांनी हाक दिली, "दरवाजे काढा रे!" घरोघरचे दरवाजे बिजागऱ्यांवरून उतरले, चिखलात खाटा मांडून त्यांवर अंथरले गेले, आणि साहेब कोरड्या पायांनी आले. अर्जदाराच्या दारावर 'शुभ लाभ' रंगवलेले आहे. साहेबांचा पाय नेमका 'लाभ'वर पडला.

३. चहा घेताना अर्जदाराची सून रविता म्हणाली, "पावसाळ्यात चहूकडून पानीच पानी राहते जी." साहेब हसले, "हे काय पॅसिफिक आहे का, बाई?" ते गेल्यावर अर्जदाराने हा पॅसिफिक कोण, म्हणून मुलगी गुंजनला विचारले. तिने मोबाइलवर पाहून सांगितले की, तो फार मोठा समुद्र आहे आणि त्यात एक इवलेसे बेट आहे; मूठभर घरे, मासोळी, आणि बोटीची वाट पाहणे. अर्जदार म्हणाल्या, "बिचारे. त्यायच्याकडंही साहेब येऊन गेला का काय?"

४. जूनमध्ये अहवाल आला: 'टोल्यास पायी रस्ता उपलब्ध, सुस्थितीत.' नाव दुसऱ्या गावी गेली. अहवालात साहेबांनीच काढलेला फोटो आहे. फोटोत रस्ता दिसतो, हे अर्जदारास मान्य आहे. फक्त तो मोठा करून पाहावा. मागच्या एकाही घराला दरवाजा नाही.

५. अर्जदार आपल्या कार्यालयात येऊन येऊन थकल्या. येणे गळक्या डोंग्यातून. एकाने वल्हवायचे, दुसऱ्याने पाणी उपसायचे. बाबू म्हणाले, "रस्ता हाय न, मंग नाव कायले पायजे?" ते आमचे दरवाजे होते, परत बसवले, असे सांगताच बाबू खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे सरकारी नोंदीतला रस्ता तुम्ही उचलून घरी नेला?" आता 'रस्ता पूर्ववत करावा' अशी नोटीस आली आहे. दरवाजे तेव्हाच चिखलपाण्याने फुगले, धड लागत नाहीत. घरात कुत्री येतात, काठाला नाव येत नाही.

६. रविताचे दिवस श्रावणात भरतात. पाणी रोज पायरी पायरीने वर येऊन राहिले आहे. डोंग्यात अवघडलेल्या बाईला निजवण्याइतकी जागा नाही. तरी नाव सत्वर परत मिळावी. न मिळाल्यास नोटिशीचे पालन आपोआप होईल: अर्जदाराच्या घराचा दरवाजा पुन्हा पाण्यात उतरेल. या वेळी त्यावर साहेबांचे बूट नसतील, रविता असेल. खाली चिखल नसताना दरवाजा माणसाला पेलतो की नाही, याबद्दल अहवालात काही म्हटलेले नाही.

दमलेली, तरीही आपलीच नम्र,

(सही)
रुख्मिणी मनिराम पटले
टेकडीटोला, दि. १२ जुलै २०२५

सोबत:
१. फोटो, मोठा करून.
२. नोटीस, डोंग्यात भिजल्यामुळे वाळवून.
३. रविताचे दवाखान्याचे कार्ड. हे मात्र पाहून लगेच परत द्यावे, लागणार आहे.