मागे राहिलेल्यांसाठी

बूढ़ापारा, रायपूर
सोमवार, २३ डिसेंबर २००२

अहो,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही मजेत असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुम्ही मजेत आहात हे मला माहीतच आहे. आमचं पुढे सांगते.

थंडी चांगलीच पडली आहे. तलावाकडून सकाळी असा गारठा येतो की नळाखाली भांडी घासवत नाहीत. नळ मात्र येतो कधी, जातो कधी, कुणाला ठाऊक. राजधानी झाल्यापासून या गावाला नुसतं खोदायचं वेड लागलंय. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दिवाळीपासून खड्डा आहे, आणि त्यात कोण काय टाकणार आहे हे खोदणाऱ्यालाही सांगता येत नाही. घरमालक दयारामभैया भाडं वाढवा म्हणून मागे लागलेत. त्यांचं म्हणणं, बाहेरून आलेले साहेब लोक पाहिजे ते भाडं द्यायला तयार आहेत. वर दर वेळी विचारतात, "भाईसाहब का ट्रान्सफर हुआ क्या?" नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघतात, जणू ऑर्डर मीच उशीखाली दाबून ठेवली आहे.

रूपालीचं गणित सुधारलं आहे. मराठीत बोललं की अजूनही हिंदीतच उत्तर देते. पापा कधी येणार हे विचारायचं तिनं सोडून दिलंय. नववीतल्या मुलीला एवढं गणित येतं.

धर्मपाल सेठ, पंडरीचे कापडवाले, ज्यांच्या साड्यांना मी फॉल-पिको करून देते, त्यांना अभनपूरला शाळेचे युनिफॉर्म शिवायचं काम सुरू करायचं आहे. दहाबारा बायका, मशिनी, आणि वर देखरेखीला मी. वर्षभर झालं ते विचारताहेत आणि मी "बघू" म्हणते आहे. आज यांची बदली होईल, उद्या आपण भोपाळला जाऊ, मग हे काम कुणाच्या गळ्यात घालायचं, असा माझा विचार. आता सेठ म्हणाले की नव्या वर्षाच्या आत हो किंवा नाही सांगा, नाहीतर दुसरी बाई बघतो. बरोबर आहे त्यांचं.

आता बदलीचंच बोलू. तुम्ही लिहिता, फाइल मंत्रालयात अडकली आहे. आधी लिहायचात, साहेब रजेवर आहेत. राज्य तुटलं, ऑफिसं तुटली, निम्मी माणसं इकडे आणि निम्मी तिकडे गेली, त्यात तुमचं नाव भोपाळच्या बाजूला पडलं, हे मी दोन वर्षं साऱ्या गल्लीला समजावून सांगितलं. सरकारला शिव्या दिल्या. देवाला नवस बोलले. आणि दसऱ्याच्या आधी पंडरीत तुमच्या ऑफिसातल्या परागभाऊंची बायको अर्चना भेटली. ती सहज बोलून गेली, की तुमची जागा तर रायपूरलाच होती, शिरीषभाऊंनीच, म्हणजे तुम्हीच, साहेबांना भेटून भोपाळ मागून घेतलं.

मी तिला म्हटलं, "हो, माहीत आहे ना." आणि नको असलेलं अस्तर विकत घेऊन घरी आले.

दिवाळीत तुम्ही चार दिवस आलात तेव्हा मी एक शब्द विचारला नाही. चिवड्यात मीठ फार झालंय असं तुम्ही म्हणालात. ते मी मुद्दाम टाकलं होतं. तेवढाच राग काढता आला. तुम्ही कंटाळला होता, हे मला कळतं. आईंचं दुखणं, माझी कटकट, रूपालीचे क्लास, तीन खोल्यांत चार माणसं. तिकडे तुम्हाला एक खोली आहे, शांत झोप आहे. आणखी कुणी आहे का, हे मी विचारत नाही. पण थकले मीही होते. मला कुणी विचारलं नाही, की बाई, तुला रायपूर पाहिजे की भोपाळ. विचारलं असतं तर मीही एखादं गाव मागून घेतलं असतं.

हे सगळं मी आईंपासून लपवलं. म्हाताऱ्या जिवाला कशाला, म्हणून. त्या रोज देवाजवळ तुमच्या बदलीसाठी दिवा लावायच्या आणि मी शेजारी उभी राहून हात जोडायची. खोटं बोलण्यापेक्षा खोटे हात जोडणं जास्त अवघड आहे. मला माझीच चीड यायची.

आता कालचं सांगते. त्यासाठीच पत्र लिहायला बसले.

वरच्या खोलीत सोनिया राहते, नर्स आहे, तुम्ही दिवाळीत पाहिली तिला. ती ड्युटीवरून आली की आईंचे गुडघे शेकून देते. नाताळ आला म्हणून काल त्यांच्या चर्चमध्ये ती गाणार होती. आईंनी हट्टच धरला, पोट्टी माझे पाय चेपते, तिचं गाणं मी ऐकणार. पुलगावच्या घरात शनिवारचा मारुती कधी न चुकवलेली ही बाई, रिक्षात बसून चर्चमध्ये निघाली. मी आणि रूपाली सोबत. छोटंसंच चर्च, वर पत्रे, आत सतरंज्या. आईंसाठी कुणीतरी खुर्ची आणून दिली.

गाणी झाली आणि पास्टरजी बोलायला उभे राहिले. वयस्कर गृहस्थ, आवाज खरखरीत. त्यांनी हिंदीत सांगितलं, की संसार माणसाला थकवतो. थकणं हे पाप नाही. पण उजाडायची वाट बघणारा माणूससुद्धा अंधारातच उठून चूल पेटवतो, नुसता खिडकीशी बसून राहत नाही. आशा म्हणजे ती चूल, ती खिडकी नव्हे. असं बराच वेळ बोलले. दर वाक्याला संसार, संसार. त्यांचा संसार म्हणजे जग. आईंनी मात्र त्याचा अर्थ आपलाच घेतला, घर आणि नवराबायको. त्या मान डोलावत होत्या, मधूनच "हव, हव" म्हणत होत्या. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हा बुवा बरोबर बोलून राहिला वं. याची बायको लई सोसत असन."

मला हसू यायला पाहिजे होतं. पण तोवर मलाही तो शब्द आपलाच ऐकू यायला लागला होता. मी खिडकीशी बसलेलीच बाई. दोन वर्षं.

शेवटी पास्टरजी म्हणाले, ज्याला प्रार्थना पाहिजे त्यानं पुढे यावं. आई काठी टेकत उठल्या. मी अडवलं तर माझं मनगट धरून मलाही ओढलं. पुढे जाऊन त्यांना आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरा पोट्टा गया, साब. अब नहीं आता वो. ये बिचारी पीछे रह गई. इसके लिए बोलो."

म्हणजे आईंना माहीत होतं. पण पुढचं ऐका. पास्टरजींचा चेहरा पडला, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि जाणारा तर गेला, मागे राहिलेल्यांना बळ दे, अशी मोठ्यानं प्रार्थना केली. त्यांना वाटलं तुम्ही वारलात.

मी सांगायला पाहिजे होतं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कुणाला दिसलं नाही. मी सांगितलं नाही. आईंनीही नाही. मी त्या अनोळखी माणसांसमोर हुंदके देऊन रडले. नंतर बायका जवळ आल्या. एकीनं माझे हात हातात घेतले, एकीनं पेरूची पिशवी दिली, आणि एका म्हातारीनं विचारलं, बेटी, तू कैसी है? अहो, दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे तुमचंच विचारत होते.

येताना रिक्षात मी आईंना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? त्या म्हणाल्या, "दिवाळीत त्यानं भिंतीवरचा बापाचा फोटो नेला तवाच. परत येनारा मानूस बापाचा फोटो कायले नेईन? तुले दुःख होईन म्हनून मी बोलली नाही." म्हणजे आम्ही दोघीही रोज एकमेकींसाठी त्या दिव्यापुढे नाटक करत होतो. मला इतका संताप आला, तुमचा, की रिक्षा थांबवून कुणावर तरी ओरडावंसं वाटलं.

रूपाली हसून म्हणाली, "दादी, वो संसार मतलब दुनिया बोल रहे थे." आई म्हणाल्या, "मंग तेच त सांगून राहिली मी. माह्याजवळ दुसरी कोनती दुनिया आहे?"

आज सकाळी मी पंडरीला जाऊन धर्मपाल सेठना हो म्हणून आले. येत्या सोमवारपासून अभनपूर. सकाळची बस आहे. रूपालीचा डबा आई करणार म्हणतात, बघू किती दिवस जमतं. माझा राग गेला आहे असं समजू नका, तो आहे आणि राहील. पण काल रात्री मला झोप लागली.

आई शेजारीच बसल्या आहेत. मी वाचून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा निरोप असा, की माझी सोय करायला भोपाळला खोली मोठी घेऊ नकोस. मी येणार नाही. मी माझ्या संसारात आहे.

आणि बदलीसाठी आता कुणाला भेटू नका, काही कारणं लिहू नका. इथे यायचं मनात आलं तर स्वतःहून या, मी दार उघडीन. आजवर दर पत्राच्या शेवटी "तुमची वाट पाहते" असं लिहीत आले. या पत्रात लिहीत नाही.

कळावे.

इंदू