ह्यांचा भूतान

७ डिसें. ७६, मंगळ.
हे आले भूतानहून. सव्वा वर्षाने. हातात करंडी, करंडीत संत्री! नागपुरात संत्री घेऊन येणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. "खाऊन तं पाह्य, तिथल्या खालच्या डोंगरातली आहेत." पातळ सालीची, गोड. बरी आहेत म्हटलं. गोड म्हटलं नाही.

९ डिसें.
मी स्वेटर घालून, हे अंगणात बनियनवर. "ही का थंडी हाय?"
आमच्या बेबीला फरशीवर खडूने तो देश काढून दाखवला. खाली दाट जंगल, जळवा, न थांबणारा पाऊस. मधे खोरी, भातशेती. वर नुसता बर्फ, माणूस नाही. नद्या अशा जोराच्या की त्यांच्यावर अख्ख्या नागपूरचे दिवे लागतील. डोंगराच्या पोटात चुनखडी, कोळसा. बोअर पाडून तो शोधायचा, हे ह्यांचं काम. उमरेडच्या खाणीवर होते तेव्हा तोंडावर असा उजेड कधी दिसला नाही.
फरशी मी पुसली. बेबी रडली. रडू दे.

१२ डिसें., रवि.
शेवंता आली उमरेडहून. तिच्या नवऱ्याला, नामदेवला, ह्यांनीच सोबत नेलं होतं. पावसाळ्यात दरड कोसळली, त्यात गेला. सापडलाही नाही. कसं झालं ते विचारायला आली होती. हे सांगत बसले, तो पहाड अजून कच्चा, दगड ठिसूळ, आत पाणी मुरलं की सगळा उतारच...
"भाऊजी, मले दगडाचं काहून सांगून राहिले? त्यायनं हाक मारली का, ते सांगा."
ह्यांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.
चहा न घेता उठली. हे एस.टी.पर्यंत सोडायला गेले.

१३ डिसें.
मीच विचारलं, मारली होती का हाक?
"नदीचा आवाज लय मोठा राह्यते वं. काही ऐकू येत नाही." अन् पाठ फिरवली.
खरं वाटलं नाही. म्हणजे, वाटूही शकतं. पण पाठ का फिरवली?

१८ डिसें.
आज कळलं. मी समजत होते, बदली होऊन आलेत; ती इकडे झालेलीच नाही. परत जायला होकार देऊनच आलेत. "तिथं माझ्या कामाची कदर आहे." इथं माझ्या कामाची कोणाला आहे?
भाकरी थापता थापता तोंडाला येईल ते बोलले. आग लागो तुमच्या डोंगराला. माणसं गिळतो, अन् तुम्ही त्याची संत्री घरी आणता!
"डोंगरानं तुह्यं का केलं?"
"तुम्हाले नेलं."
जेवले नाहीत. मी जेवले. पोटभर.

२४ डिसें.
बोलणं बंद. निरोप बेबीमार्फत. "बाबा म्हणते, मे महिन्यात आपण तिघं तिकडं जाऊ, तिथं लूची गरम हवा नसते."
बाबाला सांग, आईला लू परवडली.

२ जाने. ७७, रवि.
आज रात्रीची गाडी. सकाळी मीच बोलले. "जायचं तं जा. पण आधी उमरेडले जा. शेवंताच्या दारात उभं राहून सांगा, मी पुन्हा तिथंच चाललो म्हणून. मग जा."
वाटलं, ओरडतील. चपला घातल्या अन् निघाले.
दिवे लागले, अजून आले नाहीत. ट्रंक पुढच्या खोलीत, पट्टा बांधायचा राहिलाय. बेबी सारखी फाटकात जाऊन पाहते. स्टेशनवर निघायची वेळ होत आली.
आले तर भांडायचं आहे मला. अजून खूप.
कणकेचा डबा समोर आहे. दोघींची भिजवू, की