सरळ झालेला चेहरा

पुणे
३ मार्च २०२५

ती. आईस,
दीक्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे शेजारच्या तारामतीकाकूंकडून ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. गुडघ्याला तेल लावतेस ना, की मी विचारल्यापुरतं?

अंत्यविधीआधी मी बाबांच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला, तेव्हा भावकी खवळली होती. तू एकटी पाठीशी राहिलीस. त्यातून मातीचा मुखवटा निघाला, पण साचा फुटला, त्यामुळं हा एकच. फोटो सोबत आहे. तोंड बघ, सरळ आलंय. लकव्यात बाबांची डावी बाजू ढिली पडली, उजवी ओढत राहिली, म्हणून तोंड वाकडं झालं होतं. माणूस गेला की ओढ संपते. मूर्तिकामासाठी मेडिकल कॉलेजात जाऊन स्नायू शिकताना हे मी वहीत काढलं होतं, बाबांवर बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

लकवा झाल्याचं बाबांनी दादाला कळू दिलं नाही. कुवेतची नोकरी टाकून येईल, ही भीती. अंत्यविधीच्या फोटोतही दादाला सरळच चेहरा दिसला. बाबा पिऊन फोनवर बरळायचे, असंच तो अजून धरून आहे. मला वाटतं, सरळच राहू द्यावं. खरं कळलं तर तो स्वतःला खाईल गं. माती ओल्या फडक्यात आहे. एकदा भाजली की बदलता येणार नाही, लवकर कळव.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी दीक्षा

परंडा
९ मार्च २०२५

चि. दीक्षास,
आईचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

फोटो बघितला. माणूस देखणा हाय, पण माझा न्हाय. लग्नातला वाटतोय. दीड वरीस ज्याचं तोंड पुसलं, घास उजव्या गालात सरकवला, तो कुठं गेला?

प्रसेनजितचा शेवटचा फोन आला तवा हे जय भीम म्हणायला गेले. पिऊन फोन उचलू नका म्हणला अन् ठिवून दिला. परत केलाच न्हाय. जन्मात थेंबाला शिवले न्हाईत गं ते. मी रडले तर मलाच दटावलं. म्हणले, "रागावू दे, रागानं तरी तिथं टिकंल." मी सांगायचं न्हाय असा शब्द घेतला, गावालाही तंबी दिली.

तर मी सांगणार न्हाय. पण मेलेल्या माणसावर दारूचा आळ ठिवून त्यास्नी भट्टीत घालू नको. तोंड हुतं तसं वाकडं कर अन् फोटो त्याला धाड. स्वतःला खाईल तर खाऊ दे. लेकरू माझं हाय, मी बघते.

तेल लावते, लई चौकशा करू नको.
तुझी आई सरुबाई

कुवेत
१५ मार्च २०२५

ती. आईस,
प्रसेनजितचा जय भीम.

हे पत्र दीक्षाच्या मोबाइलवर धाडतोय, ती कागदावर काढून तुला पाठवेल.

तिनं बाबांच्या वाकड्या तोंडाच्या मुखवट्याचा फोटो पाठवला. मी तिला नाही नाही ते बोललो. प्रेतं बघून एवढं शिकलीस आणि सख्ख्या बापाचं तोंड सरळ करता येईना, मोडून टाक ते, म्हणालो. ती भांडली नाही. एवढंच लिहिलं, "डावा गाल बोटानं खाली ओढून धर आणि जय भीम म्हण."

मी चिडूनच धरला. आई, भ निघतच नाही गं. ओठच मिटत नाहीत. मी ज्या आवाजावर फोन ठेवला, तोच आवाज माझ्या तोंडातून आला.

मी बराच वेळ म्हणत राहिलो. मग गाल सोडला आणि त्यांना उलट जय भीम घातला. त्या दिवशी घातला नव्हता.

दीक्षाला सांग, मुखवटा आहे तसाच भाज. मी येतोय. दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव, पण मला तुझाच म्हण.
तुझा प्रसेनजित