जंतूची एकादशी

निफाड, ५ ऑगस्ट २०२५

तेजूताईस शि. सा. न.

फोनवर तू मला ब्लॉक केलं, म्हणून पोस्टाची पायरी चढलो. ‘परदेशातून बोलतोय, तुमचं मलेरियाचं औषध पास झालं’ असं आवाज बदलून बोललो, तर भाऊ एवढा वाईट व्हय?

आई गल्लीभर सांगते, तेजू गंगापूर रोडच्या लॅबमध्ये हिवतापाचे जंतू मारते. मी म्हणलं, मारते कुठं, रक्त घालून पोसते! लाटणं आलं अंगावर.

तूच म्हणली होती, जंतू लागणारी चरबी स्वतः बनवतो, ती चूल विझवली की मेला. चार वर्षं विझवतीयेस, तो टुणटुणीत. त्याचं आपल्या मावशीवाणी हाय. एकादशी अन् दुप्पट खाशी. सोबत मूठभर साबुदाणा, जंतूला दे.

राग नाय गेला तरी लोभ ठेव.
वाल्मीक

नाशिक, ११ ऑगस्ट

चि. वाल्मीकास अ. उ. आ.

मूर्खा, साबुदाणा पोस्टमनच्या पिशवीत सांडला. बोलणी मी खाल्ली.

तुझी मस्करी खरी निघाली आहे. चूल विझवली की जंतू माणसाच्या रक्तातली चरबी दुप्पट ओढतो. मला महिन्यापूर्वीच दिसलं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, तेच. लॅबच्या सरांना अजून बोलले नाही. सांगितलं की चार वर्षं पाण्यात, मार्चनंतर फेलोशिपही बंद. तुझ्या फोनवर मिनिटभर खरंच वाटलं रे, म्हणून रडले.

आईला बोलू नकोस. गाडी हळू चालव, माया असू दे.
तेजू

निफाड, १६ ऑगस्ट

ताईस शि. सा. न.

पत्र वाचून डोकं फिरलं. मी मिनिटभर फसवलं तर ब्लॉक, अन् तू सरांना महिनाभर फसवतीयेस त्याचं काय? माझ्या थापेनं कुणी मरत नाय. तुझ्या थापेवर उद्या कुणी गोळी बनवत बसलं तर? तापानं फणफणलेल्या पोराला काय, साबुदाणा देणार?

सांगून टाक. आईला मी बघतो.

चिडलोय, तरी तुझाच,
वाल्मीक

नाशिक, २२ ऑगस्ट

चि. वाल्मीकास अ. उ. आ.

लहान तोंडी मोठा घास! दोन उत्तरं लिहून फाडली. मग काल सरांना सांगितलं. त्यांनी फळ्यावरची माझी आकृती पुसली आणि म्हणाले, चरबी आत कुठल्या दारानं येते ते शोधायला हवं. कोण शोधणार, ते बोलले नाहीत. मार्चचंही नाही.

आज कुणी बोलावलं नव्हतं, तरी सकाळी जाऊन जंतूंना ताजं रक्त घातलं. चार वर्षं माझ्या हातून मरेनात, आणि मी दोन-तीन दिवस गेले नाही तर आपोआप मरतील.

राग राहू दे, मायाही राहू दे.
तेजू