रियाच्या पेजेतलं मीठ

विवळवेढ्याच्या देवीपुढे लग्नाची पत्रिका ठेवून आलात, आणि तुझं दुसरं लग्न ठरल्याचं मला दूधवाल्याने सांगावं. मी अजून सरावलीतच आहे, मसणात गेले नाही.

प्रिय जतीन,

चिकू उतरवायला माणसं लागली आहेत. तुझ्या आईने माळ्यावरचा पाळणा काढून घासला, उन्हात ठेवलाय. अजून हळद दळायची आहे, पण पाळणा तयार.

त्याच पाळण्यातल्या तुझ्या रियाचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. पुष्पाने पोटुशी असताना सुकट खाल्ली, तेच मीठ पोरीत उतरलं, असं तुझी आई गावभर सांगत फिरली आणि पोरीच्या पेजेतलं मीठ बंद केलं. तू बापासारखा बाप, तीच अळणी पेज भरवत राहिलास. मे महिन्याच्या उकाड्यात पोर मऊ पडली तेव्हा तुम्हाला मुंबईचं हॉस्पिटल आठवलं.

डॉक्टरीणबाईंनी घाम तपासून आम्हाला समजवायला बसवलं, तेव्हा तू चहाला गेलास. मी चौथी नापास, पण कान शाबूत आहेत. खाजणाच्या बांधाला पाणी आतबाहेर सोडायची उघाडी असते ना, तशी अंगातल्या पेशीच्या भिंतीत मिठाची उघाडी असते. रियाची बिघडलेली. घामातलं मीठ परत अंगात जाईना, आणि छातीतला कफ चिकूच्या चिकासारखा चिकटून बसला. अशा पोराला मीठ उलट जास्त द्यायचं असतं. तुम्ही तेच काढून घेतलंत. पोर परत आली ती कापडात. शेवटचा पापा घेऊन पुष्पा गाडीभर ओठ चाटत बसली होती.

चहापायी तुझं ऐकायचं राहिलं ते हे. ही खोड एक आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही जमल्या तर पोराला भोगावं लागतं. एकच असली तर माणूस तुझ्यासारखा गुबगुबीत फिरतो, त्याला पत्ताही नसतो. पुष्पाचं पोट नासकं म्हणून तू काडीमोड घेतलास. निम्मं नासकं तुझं होतं.

पुष्पा तुझ्या मामाची मुलगी. आता तुझी आई त्याच भावाची धाकटी, शितल, आणते आहे. तेच घर, तेच रक्त आणि नवराही तूच. दोघांचं रक्त तपासून आधी कळतं, बाईंनी सांगितलंय. न तपासता हळद लावलीत तर हे पत्र मी मांडवात मोठ्याने वाचीन. याचीच दुसरी प्रत तलासरीला शितलच्या हातात दिली आहे.

तुझीच, अजून जिवंत असलेली,
कुसुमआजी

तू उत्तर लिहू नकोस, तुझ्या आईनेही नको. शितलने लिहायचं.