न मोजता ओके

३ मार्च, सोमवार

झाला म्हणे! फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. पाचवी नसते — विचारून घेतलं.

तीन महिने खोकत होतो. मिनल रोज म्हणायची, "दाखवून या." मी म्हणायचो, चाकणची धूळ आहे, अख्खी कंपनी खोकते. बायकोचं ऐकलं तर नवऱ्याचा मान काय राहतो? घ्या, राहिला मान!

५ मार्च

मिनलचा भाऊ आला. दार लोटून हळूच, "दाजी, खरं सांगा, दिवसाला किती ओढायचात?" एकही नाही. "लपूनसुद्धा नाही?" नाही रे बाबा! बिचारा हिरमुसला.

१० मार्च

डॉक्टर श्रद्धांनी चित्र काढून दाखवलं. पेशीवर एक प्रोटीन असतं, स्विचसारखं. सिग्नल आला की चालू, काम झालं की बंद. काहींच्या कॅन्सरमध्ये ते बिघडतं आणि चालूच राहतं. पेशी वाढतच राहतात — रविवारी पण ओव्हरटाइम! माझ्या गाठीचा तुकडा तपासणीला गेलाय. असं प्रोटीन सापडलं तर रोज एक गोळी. ती त्या स्विचातच जाऊन बसते. नाहीतर केमो.

"बिघाड सापडू दे म्हणून प्रार्थना करा," म्हणाल्या. वीस वर्षं क्वालिटीत काढली, बिघाड सापडावा असं पहिल्यांदाच वाटतंय. त्यात आम्ही बौद्ध. मागायची सोयच नाही!

१२ मार्च

डॉक्टर बाईंनी कंपनीचे जुने रिपोर्ट चाळले. "मागच्या जुलैचा एक्स-रे क्लीन? कमाल आहे."

कमालच. त्या दिवशी डिस्पॅच अडकलेला, गेटवर वार्षिक तपासणीची एक्स-रेची गाडी उभी. लाइन कोण थांबवणार? वेल्डिंगच्या ज्ञानेशला तीन टोकन देऊन पाठवलं — त्याचं, माझं आणि लाइनवरच्या अर्जुनरावांचं. ज्ञानेश तालमीतला गडी. तिघांच्या नावावर एकच छाती, एक नंबर!

न मोजता पार्टवर ओके मारला म्हणून मी किती जणांना सगळ्यांसमोर झापलंय.

बाईंना म्हटलं, "हो ना, कमाल आहे."

२१ मार्च

सापडलं! ईजीएफआर नावाचं. बाई हसून म्हणाल्या, "नशीबवान आहात." चौथ्या स्टेजचा नशीबवान! पेढे वाटू का? मिनल तिथेच रडली. मीही रडलो, उगाच खोटं कशाला लिहू.

गोळी कंपनीच्या मेडिक्लेमवर मिळणार. कायमचं बरं होत नाही. कॅन्सर कधीतरी गोळीला चुकवून दुसरी वाट काढतो. पण तोवर वर्षं हातात येतात.

२ मे

तोंडभर पुरळ, जुलाब. पण खोकला गेला. गाठ निम्मी झाली. आज न थांबता जिना चढलो!

५ मे

अर्जुनराव बघायला आले. लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, रिटायरमेंटला दोन वर्षं. "भूषणभाऊ, तुमी वाघ हाय!" म्हणाले आणि खोकत बसले. "काय न्हाई, धूळ हाय."

दाखवून या म्हटलं. "कशाला? माझा एक्स-रे किलिन हाय की."

"अहो, तुम्ही गेलाच नव्हतात!"

"पर रिपोर्ट तर आलाय न्हवं?"

कंपनीने बोलावल्याशिवाय हा माणूस हलायचा नाही. आणि कंपनीला मी सांगितलं तर नोकरी जाईल. नोकरीबरोबर मेडिक्लेम, मेडिक्लेमबरोबर गोळी. मग स्विच आहेच वाट बघत.

११ मे

झोप नाही. मिनलला सगळं सांगितलं. आधी ताट आपटलं. तासाभराने म्हणाली, "उद्या अर्जुनरावांना काही झालं तर त्यांच्या घरी मी कुठल्या तोंडानं जाऊ? लिहून द्या."

१२ मे

एचआरच्या तनुजा मॅडमना लिहून दिलं. टोकन मी दिली, चूक माझी, अर्जुनरावांचा एक्स-रे पुन्हा काढा. "भूषण सर, हे लेखी कशाला?" तोंडी सांगून काय होतं? मिनल मला तीन महिने तोंडीच सांगत होती.

२० मे

चौकशी होईपर्यंत सस्पेंड. मेडिक्लेमचं विचारलं. "बघू." अठरा गोळ्या उरल्यात. भीती वाटते. खूप.

२८ मे

अर्जुनरावांचा फोन. नव्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली. लहान आहे, पसरलेली नाही, सोमवारी काढून टाकणार. दहा मिनिटं मला आईमाईवरून शिव्या घातल्या. मग म्हणाले, "सोमवारी येशील न्हवं रं?"