मशीनची पूजा

स्नेहलतागंज, इंदूर

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

मी धडधाकट आहे, हे आधी सांगते. तुमचा खोकला कमी झाला का?

आमच्या कपडा रंगवायच्या मशीनमध्ये वाफेचा दाब असेपर्यंत झाकण उघडू नये म्हणून कुलूप असतं. माल लवकर निघावा म्हणून मॅनेजरने ते तारेने बांधून निकामी केलं होतं. सोमवारी ते मशीन चालवणाऱ्या आमच्या तात्यारावांनी झाकण उघडलं आणि उकळतं रंगाचं पाणी त्यांच्या छातीवर उसळलं. दवाखान्यात मला म्हणाले, "बेटा, मला वाटलं प्रेशर उतरलं. गलती माझीच."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मशीनची पूजा केली. झाकणाला हार घातला, तार मात्र तशीच. तिथेच उभे राहून सगळे पेढे खात होते. "घ्या मॅडम, अब सब ठीक," मॅनेजर मला म्हणाले. बाबा, इतकी किळस मला रंगाच्या नाल्याचीही कधी आली नाही.

मी पेढा घेतला नाही. पक्कड आणून सगळ्यांसमोर तार कापली. तेव्हापासून मॅनेजर बोलत नाहीत. कदाचित नोकरी जाईल. आईला इतक्यात सांगू नका.

आता दवाखान्यात निघाले आहे. गलती तात्यारावांची नव्हती, हे अजून त्यांना कोणीच सांगितलेलं नाही.

तुमची,
संबोधी